वाचकांचे प्रश्न : पैसे मोजले, तरी गेमला कुलूप

प्रश्न : माझ्या पीएस३वर (सोनीचा प्लेस्टेशन ३ गेम-कन्सोल) हेन आहे, म्हणजे बाहेरची सॉफ्टवेअर चालवू देणारं अनधिकृत सॉफ्टवेअर. हार्ड डिस्क बदलून ५०० जीबीची लावली, नवा युजर केला आणि गेमचे फोल्डर एफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याची पद्धत) कॉपी केले. स्टोअरमधून विकत घेतलेले गेम दिसतात, पण चिन्हावर कुलूप आहे आणि ८००२९५१४ एरर येते. सेफ मोडमधून डेटाबेस रिबिल्ड केला, उपयोग शून्य.

उत्तर : रिबिल्डने यादी नव्याने बनते, लायसन्स बनत नाही. तुम्ही गेम हलवलात, त्याची पावती, म्हणजे लायसन्स, जुन्या डिस्कवरच राहिली. ती ‘होम’ फोल्डरमध्ये ०००००००१ अशा आकडी युजर-फोल्डरच्या आत, ‘एक्सडेटा’ फोल्डरमध्ये असते. तिथे दर गेमची एक रिफ फाइल (त्या गेमचं लायसन्स) आणि सगळ्यांना मिळून एकच ॲक्ट डॉट डॅट (कन्सोल ॲक्टिव्हेट केल्याची फाइल). रिफ उघडते ती ॲक्ट डॉट डॅटमुळे, आणि ही ॲक्ट डॉट डॅट बांधलेली असते तुमच्या अकाउंटला व याच कन्सोलच्या ओळख-क्रमांकाला. म्हणून मित्राची फाइल आणून टाकणं फुकट.

जुन्या डिस्कवरच्या ‘एक्सडेटा’चा बॅकअप असेल, तर दोन्ही प्रकारच्या फाइल नव्या युजरच्या ‘एक्सडेटा’त टाका. युजरचा आकडा बदलला असेल, तर जुन्या आकड्याच्या फोल्डरमध्ये टाकून काही होणार नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. नव्या युजरला तेच अकाउंट जोडलेलं हवं.

बॅकअप नसेल, तर कन्सोल रीस्टार्ट करा, हेन चालू करू नका आणि साइन इन करा. अकाउंट मॅनेजमेंट, सिस्टम ॲक्टिव्हेशन, पीएस३ सिस्टम, गेम, ॲक्टिव्हेट या क्रमाने जा. मग डाउनलोड लिस्टमधून गेम पुन्हा उतरवा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असेल, तर पीएस३ नेहमीचा पासवर्ड घेत नाही. वेबसाइटवरून डिव्हाइस सेटअप पासवर्ड बनवून तो टाका. नोव्हेंबर २०११पासून एका अकाउंटवर ५ऐवजी २च पीएस३ चालतात, तेव्हा विकून टाकलेला जुना कन्सोल जागा अडवत नाही ना, तेही पाहा.

साइन इन करताना फर्मवेअर (कन्सोलचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट मागितलं, तर थांबा. त्या आवृत्तीसाठी हेन आलं आहे का, ते आधी बघा. हेनऐवजी पूर्ण कस्टम (बदललेलं) फर्मवेअर असेल, तर ऑनलाइन जाताना बंदीची जोखीम राहतेच.

न विकत घेतलेल्या गेमचं कुलूप कसं काढायचं, हेही काही पत्रांत विचारलंय. त्याचं उत्तर इथे मिळणार नाही.

प्रश्न : अमेरिकन अकाउंटवरून घेतलेलं डीएलसी (गेमला जोडायचा जादा भाग) भारतात घेतलेल्या डिस्कवर चालत नाही. लायसन्स खराब आहे का?

उत्तर : लायसन्स ठीक आहे, जोडी चुकली. डिस्कच्या डब्याच्या कण्यावरचा कोड वाचा : बीएलईएस म्हणजे युरोपीय आवृत्ती, बीएलयूएस म्हणजे अमेरिकन. डीएलसी त्याच कोडचं लागतं. फाइलचं नाव बदलून काही जमत नाही.