फ्रेजल व्हर्बच्या लिस्टा पाठ करू नको भाऊ

हे पाय भाऊ, तू इंग्रजीच्या फ्रेजल व्हर्बच्या (म्हणजे क्रियापदाला 'ऑफ', 'डाउन' असा बारका शब्द जोडून नवा अर्थ होते ते) ज्या लिस्टा पाठ करून राहिला ना, त्या आधी बाजूला ठेव. 'द मीटिंग वॉज पुट ऑफ' म्हणजे मीटिंग पुढं ढकलली अन् 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे वासानं मनच उडालं, शब्द तेच, मंग लिस्ट काय कामाची? पूर्ण वाक्यच वहीत लिही, तेही आपल्या वावरातलं, 'द पंप ब्रोक डाउन', 'वी रॅन आउट ऑफ युरिया', असं असलं का डोक्यात बसते.

आता जिथं लय पोट्टे फसतात ते सांगतो. 'टर्न ऑफ द मोटर' चालते, 'टर्न द मोटर ऑफ' बी चालते, पण 'इट' आलं का ते मधातच जाते, 'टर्न इट ऑफ', 'टर्न ऑफ इट' नाहीच. 'लुक आफ्टर' (सांभाळणं) मात्र मधातून तुटत नाही, 'लुक आफ्टर द बुलक्स', 'लुक आफ्टर देम'. अन् 'डिस्कस अबाउट' सोड (आपल्याकडं शिकलेले लोकं बी म्हणतात ते), नुसतं 'डिस्कस' पुरते. अर्जात 'पुट ऑफ'पेक्षा 'पोस्टपोन' बरं दिसते, बोलताना बिनधास्त 'पुट ऑफ' म्हण.