क्रेन आत येत नसेल तर दीड टनाचं लेथ कसं हलवायचं?

दार तोडू नका. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या तुमच्या शेडचं दार बुटकं, लेथ (लोखंड कातायचं मशीन) दीड टनाचं, म्हणून दार तोडून हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) आत घालायचा विचार करताय आणि खर्च विचारताय. याच गोष्टीवरून आमच्या घरात कित्येक वर्षं वाद आहे, म्हणून लिहितो.

माझे बाबा मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपात खलाशी होते. नॅरोगेजचं जड सामान सब्बल (पहार) आणि पाइपांवर हलवण्यातच त्यांची अख्खी नोकरी सरली. आम्ही पहिलं लेथ घेतलं तेव्हा दादा म्हणाला, "बाबा, तुमचं ते जुनं झालं, हायड्रा बोलावू." आला हायड्रा. ट्रकवरून उतरवताना ऑपरेटरने पट्टा बेडखालून (मशीनच्या लांब बैठकीखालून) घेतला तो थेट लीड स्क्रूवरून, म्हणजे आटे पाडताना हत्यार सरकवणाऱ्या लांब दांड्यावरून. बाबा ओरडत होते, पण खलाशाचं काहून ऐकतील? मशीन उचललं, हेडस्टॉकची (मशीनच्या जड डोक्याची) बाजू खाली गेली, पट्टा आवळला आणि लीड स्क्रू वाकला. नव्या मशीनवर आटे नीट पडेनात.

दारापासून आत मग बाबांनीच नेलं, दोन पोट्टे हाताशी घेऊन. आधी कॅरेज (हत्यार धरणारा सरकता भाग) आणि टेलस्टॉक (हेडस्टॉकसमोरचा सरकता आधार) उजव्या टोकाला सरकवून लॉक केले, कारण लेथचं वजन हेडस्टॉककडे असतं. पायांखाली लांबीभर दोन लोखंडी चॅनेल बोल्टने आवळले, नाहीतर पाइप दोन पायांमधल्या पोकळीत येतो आणि मशीन खाली बसतं. मग सब्बलीने एक टोक बोटभर उचलायचं, बाभळीचा गुटका सरकवायचा, दुसरं टोक उचलायचं, गुटका, मग चॅनेलखाली पाइप. पाच फुटी सब्बलीला टोकापासून 3 इंचांवर टेकू दिला की जोर 19पट होतो. वजन सारखं वाटलेलं असेल तर एका टोकाला 750 किलो येतात, तिथे 40 किलोचा दाब पुरतो. एवढ्यासाठी क्रेन कशाला लागते, हे दादाने मला अजून सांगितलेलं नाही.

पाइप जाड आणि एकाच मापाचे घ्या. मागून सुटलेला पुढे घालत जा. वळायचं असेल तर पुढचा पाइप हातोडीने तिरपा करा, मशीन आपोआप वळतं. हाताने नाही, हातोडीनेच. मशीनखाली बोट जाता कामा नये.

हे सगळं सपाट, टणक कोब्यावर. कोबा फुटका असेल तर आधी लोखंडी पत्रा अंथरा. उतार असेल तर मागून चेन कुप्पीने (साखळीच्या कप्पीने) धरल्याशिवाय पाइपावर चढवूच नका. आणि रेडियल ड्रिलला (आडव्या आर्मचं, भोकं पाडायचं मशीन) हा उपाय जसाच्या तसा लावू नका. त्याचं वजन वर असतं, आर्म पूर्ण खाली आणून बांधावा लागतो.

खर्चाचं म्हणाल तर पाइप आणि चॅनेल भंगारात मिळतात, वर दोन माणसांची रोजी.

दादा म्हणतो हायड्राने वेळ वाचतो. ट्रकवरून उतरवताना वाचतो, तेवढं मान्य, तिथे हायड्राच बोलवा. पण पट्टा ऑपरेटरवर सोडू नका. तो लीड स्क्रूला टेकताना दिसला की उचलायच्या आधी थांबवा, बेडच्या कडेला लाकडी गुटका देऊन पट्टा स्क्रूपासून लांब घ्या. ऑपरेटर घाई करेल, करू द्या.