पंचेचाळीस म्हणजे काय?

विश्रामबाग, सांगली

प्रिय पोरी,

तुझा पूरपातळीचा प्रोग्रॅम चालवून बघितला. झकास चालतो. पण कोडात एका ओळीत नुसतं 40 आहे, पुढच्या ओळीत 45. आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे आपल्याकडं पावसाळ्यात चहाच्या गाड्यावरही पाठ असतं. म्हणूनच तू ते लिहिलं नाहीस. उद्या कऱ्हाडचा एखादा पोरगा हाच प्रोग्रॅम तिथल्या पुलासाठी घेईल, त्याला काय कळणार? फूट की मीटर? कुठला पूल? अलमट्टीची पातळी मीटरमध्ये सांगतात, 519.60 ला धरण भरतं. कोयनेचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये. एका कृष्णाकाठी किती मापं! आकड्याच्या नावातच ‘फूट’ घाल आणि शेजारी लिही: आयर्विन पूल, दुसरीकडं नेताना बदला.

‘इथे लूप सुरू’ असल्या कॉमेंट, म्हणजे कोडातल्या माणसांसाठीच्या टिपा, काढून टाक, ते दिसतंच. लागोपाठ दोन नोंदी धोक्यावर आल्याशिवाय मेसेज जात नाही, ते का, हे लिही. एकदा 35 ऐवजी 53 टाइप झालं होतं, हे तू मला फोनवर सांगितलंस. कोडात कुठंच नाही. पुढचा माणूस ‘कशाला उगाच’ म्हणून ती अट उडवेल.

माझंच सांगतो. हळदीच्या एका अडत दुकानासाठी मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्ती 2 मध्ये पट्ट्यांचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचा, प्रोग्रॅम लिहिला होता. ती आवृत्ती कुठंही नोंदवली नाही. नव्या मशीनवर पायथन 3 आलं. जुन्यात 5 भागिले 2 म्हणजे 2, नव्यात 2.5. प्रोग्रॅम बंद पडला असता तर बरं. तो बिनबोभाट चालत राहिला आणि पट्ट्यांचे आकडे हलले. दोन रात्री शोधत बसलो. कोड माझाच!

तेव्हा रीडमीत, म्हणजे प्रोग्रॅमसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, आवृत्ती, चालवायची कमांड, नमुन्याची एक नोंद आणि तिचं उत्तर एवढं हवंच. परवानाही घाल. आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो (झालो की नाही आपण साहित्यिक!), त्यामुळं परवानगी लिहिलेली नसेल तर दुसऱ्याला तो हक्कानं बदलता येत नाही.

रविवारी रीडमी घेऊन घरी ये. कऱ्हाडचा भाचा आलाय, त्याच्यापुढं लॅपटॉप ठेवू. तू शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. तो जिथं अडेल तिथं फक्त वहीत खूण कर.

तुझा,
काका