माफी लिहायची, पण नेमकी कशाची?

खानापूरहून एका आईनं पत्र पाठवलंय. लेक बेळगावात एमए हिस्टरीला आहे, सेमिनारला तिनं महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा महाजन आयोग घेतला, वर्गात आरडाओरडा झाला आणि सरांनी प्रेझेंटेशन मधेच थांबवलं. रात्री हिनं क्लासच्या ग्रुपवर टाकलं, "सर पगार घेतात पण पुस्तक उघडत नाहीत". तिसऱ्या दिवशी नोटीस. आता माफी मागायची की सरळ कोल्हापूरला ॲडमिशन घ्यायची, असं विचारतायत.

ताई, दाखला आत्ता काढू नका. नोटीसचा फोटो बघितला, त्यात लिहिलंय "वर्गात आक्षेपार्ह विषय मांडला व प्राध्यापकांचा अवमान केला". सगळी गोम त्या "व"मध्ये आहे बघा. दोन वेगळ्या गोष्टी एका दोरीत बांधल्यात, त्या आधी सोडवायच्या.

ग्रुपवरचं वाक्य चुकलंच. तिथं सरांच्या मताला उत्तर नव्हतं, माणसाला टोमणा होता. त्याची माफी दोन ओळीत, कारणं न देता, सरांना समोर भेटून मागायची. यात कमीपणा नाही.

विषयाची माफी मात्र अजिबात नको. महाजन आयोग 1966 मध्ये केंद्रानं नेमला, 1967 ला रिपोर्ट आला, तो इतिहासाच्या वर्गात नाही वाचायचा तर कुठं, खडेबाजारात? फक्त एक सांगतो, राग मानू नका. स्लाइडवर निपाणी-खानापूरसह 264 गावं महाराष्ट्राला हे ठळक आहे, पण बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवा आणि अक्कलकोटकडची धरून 247 गावं कर्नाटकाला द्या हेही त्याच रिपोर्टात आहे, ते गाळलंय. आपल्या घरातल्या गप्पांत चालतं, सेमिनारला नाही. अर्धा रिपोर्ट दाखवला की ओरडणाऱ्याला आयतं कोलीत मिळतं.

नोटीसच्या उत्तरात दोन्ही मुद्दे वेगळ्या पॅरात लिहा. इंग्लिशमध्येच लिहा, नाहीतर मराठी की कन्नड यावरच महिना जाईल. ऐकलं नाही तर यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिनं 15 कामाच्या दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो, तो निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. म्हणून ऑफिसात उत्तर देताना दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका, क्लार्क "उद्या या" म्हणाला तरी.