मळणी नको, तिंबण घ्या

नाशिकच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: झाडासारख्या अवकाशांवरच्या फलनांची ‘सिम्बॉलिक डायनॅमिक्स’ (फलन पुन्हा पुन्हा लावल्यावर बिंदू कुठे कुठे जातो ते चिन्हांत लिहून अभ्यासायचं शास्त्र) या विषयावर मराठीत सेमिनार द्यायचा आहे, तर ‘नीडिंग सीक्वेन्स’ला ‘मळणी-क्रमिका’ आणि ‘आयटिनररी’ला ‘मार्ग’ म्हटलं तर चालेल का?

‘मळणी’ नको. ‘नीडिंग’ म्हणजे कणीक मळणं आणि कणीक आपण मळतो हे खरं, पण ‘मळणी’ हे नाम कधीच शेतात जाऊन बसलंय. निफाड-सिन्नरकडे हा शब्द काढलात की गहू आणि मळणी यंत्र, एवढंच डोळ्यांपुढे येतं. शिवाय मळणीत दाणा भुशापासून सुटा होतो. इथे रेषाखंड ताणायचा, दुमडायचा आणि पुन्हा स्वतःवरच बसवायचा असतो. म्हणून ‘तिंबण-क्रमिका’. (तिंबण्याचा मारामारीतला अर्थ आठवून कुणी हसलं, तर हसू द्यावं.) जॉन मिल्नर आणि विल्यम थर्स्टन यांनी हा विचार रेषाखंडांवरच्या फलनांसाठी मांडला. त्यांचं हस्तलिखित १९७०च्या दशकातच हातोहात फिरत होतं, छापून आलं १९८८मध्ये. कळीची गोष्ट अशी की जिथे दुमड पडते तो बिंदू पुढे कुठे कुठे जातो, एवढं कळलं की फलनाचा बराचसा स्वभाव कळतो.

‘मार्ग’ही नको, कारण झाडाची व्याख्याच त्या शब्दावर उभी आहे: कुठल्याही दोन बिंदूंमध्ये स्वतःला न छेदणारा मार्ग एकच. ‘आयटिनररी’त वाट नोंदवतच नाहीत. दुमडीचा बिंदू काढून टाकला की झाडाचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्याला एक चिन्ह द्यायचं आणि आपला बिंदू दर पावलाला कुठल्या तुकड्यात आहे ते लिहीत जायचं. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघालेल्या निवृत्तिनाथांच्या पालखीची मुक्कामांची यादी असते, तशीच ही. तेव्हा ‘मुक्काम-क्रमिका’. दुमडीच्या बिंदूची पहिल्या पावलापासूनची मुक्काम-क्रमिका म्हणजेच तिंबण-क्रमिका.

उदाहरण हवंच. ‘झेडचा वर्ग अधिक आय’ (आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ) या फलनाचा ज्यूलिया संच, म्हणजे जिथे सुरुवात जराशी हलली तरी पुढचा प्रवास पार बदलतो अशा बिंदूंचा संच, डेंड्राइट आहे: फांद्याफांद्यांचा, कुठेही वेढा न घालणारा. (हा शब्द तसाच ठेवा. ‘वृक्ष’ म्हटलं की आलेखशास्त्रातलं मोजक्या फांद्यांचं झाड वाटतं, डेंड्राइटला फाटे अनंत असू शकतात.) दुमड शून्यापाशी. शून्यावरून आय, तिथून उणे एक अधिक आय, मग उणे आय, आणि पुन्हा उणे एक अधिक आय. पुढे हे दोघेच आलटून पालटून. शून्य काढून टाकलं की संचाचे दोन अर्धे होतात. आय ज्या अर्ध्यात आहे त्याला १, दुसऱ्याला ० म्हटलं तर आयपासूनची तिंबण-क्रमिका १, १, ०, १, ०, १, ०… अशी येते.

खुद्द शून्याचं चिन्ह काय? ते दोन्ही अर्ध्यांच्या सीमेवर आहे, म्हणून त्याला चांदणी (*) देतात. पण शून्याच्या कितीही जवळ गेलं तरी १चेही बिंदू सापडतात आणि ०चेही. म्हणून चिन्हांच्या अवकाशात चांदणी दोघांपासून सुटी ठेवून भागत नाही: तिच्या प्रत्येक परिसरात १ आणि ० दोन्ही आले पाहिजेत. असं केलं की बिंदूपासून मुक्काम-क्रमिकेकडे जाणारं फलन अखंड राहतं. सेमिनारमध्ये सर्वांत जास्त वेळ इथे द्या, कारण प्रश्न इथेच येतील.

राहिलं शीर्षक. ‘सिम्बॉलिक’साठी ‘प्रतीक’ म्हटलं की मराठी माणसाला कविता आठवते. साधं ‘चिन्हगतिकी’ करा.