चार ॲटलस एकदम नकोत
बॅटलटेक या पटावरच्या युद्धखेळात चारही मेक (महाकाय लढाऊ यंत्रं) शंभर टनी ॲटलस घ्यायचा मोह आवर. ॲटलस धावला तरी एका टर्नला 5 हेक्स (पटावरची षटकोनी घरं) जातो. 20 टनांचा लोकस्ट 12 जातो आणि थेट ॲटलसच्या पाठीमागे येऊन उभा राहतो. ॲटलसच्या छातीवर मधोमध 47 चिलखत, पाठीवर फक्त 14! त्यामुळे लान्समध्ये, म्हणजे चार मेकच्या तुकडीत, एक चपळ, दोन मधले, एक जड असं घे. चपळवाला लवकर मरतो, ते धरूनच चाल.

गनप्लाचं (गंडम या ॲनिमेतल्या यंत्रांच्या प्लास्टिक मॉडेलचं) किट मात्र या पटावर आणू नकोस. 18 मीटरचा गंडम 1/144 प्रमाणात साडेबारा सेंटीमीटर भरतो, हेक्समध्ये मावायचाच नाही. शेल्फवर एचजी आणि आरजी या गनप्लाच्या श्रेणी शेजारी शोभतात, दोन्ही 1/144. एमजी 1/100 चा, त्याला वेगळी फळी दे.