जमिनीचा इसार घेण्यापूर्वी : तेलक्षेत्रातील हेलिकॉप्टर पायलटच्या नोकरीविषयी एका पालकांस उत्तर

सप्रेम नमस्कार.

जिंतूर तालुक्यातून आपण पाठविलेले सविस्तर पत्र मिळाले. आपले चिरंजीव यंदा बारावी विज्ञान शाखेत असून त्यांचे भौतिकशास्त्र व गणित हे दोन्ही विषय आहेत. नायजेरियातील तेल कंपनीत काम करणाऱ्या आपल्या साडूंच्या मुलाकडून त्यांनी तिथल्या हेलिकॉप्टर पायलटांच्या पगाराविषयी ऐकले आणि तेव्हापासून त्यांच्या मनाने तोच ध्यास घेतला आहे. पुण्यातील एक मध्यस्थ ‘परवाना हाती येताच तिथे नोकरी’ अशी हमी देत आहे, त्यासाठी चार एकर जमिनीचा इसार घ्यावा असे आपल्या मनात आहे आणि मुलाच्या जिवाच्या काळजीने त्याच्या आईचा या सगळ्याला विरोध आहे. तिथला धोका खरोखर किती आणि जमीन विकावी का, असे आपण विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. या हमीच्या भरवशावर जमीन विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे हेलिकॉप्टरचा व्यावसायिक परवाना साधारण १५० तासांच्या उड्डाणानंतर मिळू शकतो. परंतु समुद्रातील तेलविहिरीच्या फलाटावर, रात्री किंवा धुरकट हवेत, केवळ उपकरणांकडे पाहून दोन इंजिनांचे यंत्र उतरविणे हे त्या परवान्याच्या पलीकडचे काम आहे. तिथे दोन पायलट असतात. सहवैमानिकाची जागा मिळायलाही बहुधा शेकडो तासांचा अनुभव मागितला जातो आणि कप्तानासाठी तो हजारांच्या घरात जातो. शिवाय दुसऱ्या देशात उड्डाण करण्यासाठी तिथल्या विमान वाहतूक प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते, आणि ती कोणत्याही मध्यस्थाच्या हातात नसते. नवशिक्याला तेलक्षेत्रातील नोकरीची हमी देणारा माणूस एकतर अजाण आहे किंवा आपल्याला फसवीत आहे.

आता धोक्याविषयी. आपल्या पत्नीची भीती अनाठायी नाही, हे मुलाने शांतपणे ऐकून घ्यावे. नायजेरियाचे तेल जिथे निघते तो नायजर नदीच्या मुखाकडील प्रदेश खाड्या, दलदल आणि खारफुटीचा आहे. रस्ते तुटपुंजे, आणि असलेल्या रस्त्यांवर अपहरणाचे भय, म्हणून पोर्ट हारकोर्ट किंवा वारीसारख्या शहरांतून कर्मचाऱ्यांची ने-आण मोठ्या प्रमाणावर हेलिकॉप्टरने होते. १९५६ मध्ये याच प्रदेशातील ओलोइबिरी येथे तेल सापडले. पुढील दशकांत तेल बाहेर गेले आणि गळतीने शेती व मासेमारी उद्ध्वस्त झाली. त्यातल्या ओगोनी भागाच्या स्वच्छतेस २५ ते ३० वर्षे लागू शकतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ च्या अहवालात म्हटले होते. ज्यांची जमीन आणि पाणी गेले त्यांच्यातूनच सशस्त्र गट उभे राहिले. शेतीवर जगणाऱ्या आपल्याला त्या लोकांचा राग समजेल, आणि तिथे कामाला जाणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घेतला पाहिजे. २००६ पासून विदेशी कामगारांची अपहरणे वाढली. जून २००८ मध्ये किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटर समुद्रात असलेल्या बोंगा तेलक्षेत्रावर बंडखोरांनी बोटींतून हल्ला केला, तेव्हा समुद्राचे अंतर म्हणजे संरक्षण हा समजही मोडला. सशस्त्र गटांसाठीच्या २००९ च्या माफी योजनेनंतर हल्ले कमी झाले, पण डिसेंबर २०१९ मध्ये त्याच किनाऱ्याजवळ एका तेलवाहू जहाजावरून १८ भारतीय खलाशांना पळवून नेण्यात आले होते.

इथे मला एक भेद महत्त्वाचा वाटतो. उड्डाणाचा धोका शिक्षणाने, सरावाने आणि शिस्तीने पुष्कळ कमी करता येतो. पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण तलावात प्रत्यक्ष दिले जाते, आणि ते घेतल्याशिवाय समुद्रावर जाऊ दिले जात नाही. बंदूकधाऱ्याचा धोका मात्र पायलटच्या कौशल्याने कमी होत नाही. तो कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थेवर, करारावर आणि त्या देशाच्या स्थितीवर अवलंबून असतो. पहिला धोका स्वीकारणे हा व्यवसायाचा भाग आहे. दुसरा स्वीकारावा की नाही, हे त्या त्या वेळी, हातात करार असताना ठरवायचे असते, आणि तो निर्णय आपल्या मुलापुढे येण्यास अजून बरीच वर्षे आहेत.

तेलक्षेत्राचेच आकर्षण असेल, तर ते आपल्या देशातही आहे. १९७४ मध्ये तेल सापडलेले मुंबई हाय हे क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर असून तिथली उड्डाणे जुहूहून होतात. बंदुकीचे भय नसले तरी समुद्र तोच असतो. जानेवारी २०१८ मध्ये हेलिकॉप्टर कोसळून दोन पायलट आणि पाच अधिकारी या मार्गावर दगावले. जून २०२२ मध्ये हेलिकॉप्टर फलाटाजवळ पाण्यात उतरवावे लागले, त्यात नऊपैकी चार जण गेले.

मग वाट कोणती? आपल्याकडे समुद्रावर उडणारे अनेक पायलट सैन्यदलांतून आलेले आहेत, आणि मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबासाठी मला तीच वाट सर्वांत विचार करण्याजोगी वाटते, कारण तिथे प्रशिक्षणाचा खर्च शासन उचलते. चिरंजीवांचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस या मर्यादेत असल्यास ते राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) परीक्षा बारावीत असतानाच देऊ शकतात. छत्रपती संभाजीनगर येथील शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून याच परीक्षेची तयारी करून घेते. तिचा प्रवेश दहावीनंतर असल्याने आपल्या मुलासाठी ती वेळ गेली, पण धाकटा भाऊ असेल तर त्याच्यासाठी अवश्य लक्षात ठेवावी. प्रबोधिनी हुकली तरी पदवीनंतर हवाई दलाची सामाईक परीक्षा (एएफकॅट) आहे, आणि त्यातून मिळणारी अल्पमुदतीची सेवा उड्डाण शाखेत १४ वर्षांची असते. पायलट म्हणून योग्यता ठरविणारी संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून तिच्याकडे हलक्याने पाहू नये. निवड झाल्यावर हेलिकॉप्टर मिळेल की दुसरे विमान, हे दल ठरविते. आणि केवळ फुकट प्रशिक्षण मिळते म्हणून कोणी सैन्यात जाऊ नये. तिथे देशसेवेची ओढ नसेल तर ती वर्षे फार जड जातात.

नागरी मार्गानेच जायचे ठरले, तर क्रम सांभाळावा. आधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून द्वितीय श्रेणीची आणि मग प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रंगांधत्वासारखा एखादा दोष पैसे भरल्यानंतर निघाला, तर ते कुटुंब कसे सावरणार? त्यानंतर महासंचालनालयाचा संगणक क्रमांक, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, काढून हवामानशास्त्र, दिक्‌चालन (मार्ग व दिशा ठरविण्याचे शास्त्र) आणि विमान नियमावली या विषयांच्या लेखी परीक्षा द्याव्यात. या परीक्षांना उड्डाणाच्या तुलनेत नगण्य खर्च येतो, आणि मुलगा त्यात कसा टिकतो हे वर्षभरात आपल्याला दिसेल.

मध्यस्थाने करार म्हणून काही कागद दिला असल्यास त्यावर सही करू नका, त्याची प्रत मला पाठवा. नोकरी कोणती कंपनी देणार, नोकरी न मिळाल्यास रक्कम परत कशी होणार, आणि अपहरण किंवा मृत्यू झाल्यास विम्याची रक्कम कोण देणार, या तिन्ही गोष्टींची उत्तरे त्याच्याकडून लेखी मागा. वैद्यकीय तपासणीचा निकाल आणि ही उत्तरे हाती येईपर्यंत इसार घेण्याची बोलणी थांबवावीत, ही विनंती.